जुन्या ट्रकच्या एसीत कोणता गॅस भरावा?



माल पिकवणारा आणि माल वाहणारा आता पुष्कळदा एकाच घरचा असतो. कांदा, द्राक्षे, भाजीपाला घेऊन रातोरात वाशीच्या बाजारात जाणारा ट्रक आपल्यापैकी कित्येकांच्या दारात उभा आहे. त्यातले बरेच ट्रक जुने, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेले. काहींच्या केबिनला एसी असतो, पण तो गार करीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मेळाव्यात एका तरुण बागाईतदाराने मला विचारले, "साहेब, मिस्त्री म्हणतोय, जुना गॅस आता मिळत नाही. घरचा सिलिंडर आणा, त्यातलाच भरून देतो. भरू का?"

मी उलट विचारले, "रात्री त्या केबिनमध्ये झोपतं कोण?"

तो म्हणाला, "धाकटा भाऊ."

म्हणून आज या विषयावर चार गोष्टी सांगणार आहे.

गॅस संपत नाही, गळतो

माठातले पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि माठ गार पडतो. एसीतही तेच घडते. नळीतला द्रव केबिनमधल्या जाळीत वाफ होतो आणि हवेतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, पुढच्या जाळीत ती निवून पुन्हा द्रव होते. तोच गॅस फिरत राहतो. डिझेलसारखा तो जळत नाही. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न काढता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे.

आपल्या ट्रकात कोणता गॅस आहे?

पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला मारक ठरला. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगाने तो टप्प्याटप्प्याने बंद केला. आपल्याकडे २००३ पासून नव्या यंत्रांत त्याचा वापर थांबला आणि २०१० पासून त्याचे उत्पादनही बंद आहे. त्याच्या जागी आर-१३४ए आला.

बॉनेट उघडून पाहावे. कॉम्प्रेसरवर किंवा जवळच्या पट्टीवर गॅसचे नाव लिहिलेले असते. पट्टी गेली असेल तर गॅस भरण्याची तोंडे पाहावीत. आर-१२ ची तोंडे आट्यांची असतात, तर आर-१३४ए ची खटक्याने बसणारी. आधीच आर-१३४ए असेल तर प्रश्न मिटला. गळती काढून तोच भरावा.

कोणता भरू नये?

१) स्वयंपाकाचा गॅस. हा गार करतो, हे खरे. पण शंभर भाग हवेत दोन भाग मिसळला तरी ठिणगीने पेटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने केबिनच्या तळाशी साचतो. नळी गळू लागली, काच बंद आहे आणि आतल्या माणसाने विडी पेटवली, तर पुढचे सांगायला नको. घरगुती सिलिंडरचा असा वापर कायद्यानेही मना आहे.

२) आर-२२. हा घरातल्या जुन्या एसीचा गॅस. कडक उन्हात याचा दाब आर-१२ च्या दीडपटीहून अधिक चढतो. ट्रकच्या नळ्या आणि सील त्यासाठी केलेले नाहीत.

३) "जुना आर-१२ शिल्लक आहे" म्हणून कोणी देत असेल तो. टाकीत नक्की काय आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त केलेल्या थंड कंटेनरांत भेसळीचा गॅस गेला. त्यातल्या मिथिल क्लोराइडची कॉम्प्रेसरच्या ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन स्फोट झाले, माणसे दगावली. म्हणून सीलबंद टाकी आणि पावती यांवाचून गॅस घेऊ नये.

४) दोन गॅसांचे मिश्रण. जुन्यात नवा कधीही ओतू नये.

आर-१३४ए वर कसे यावे?

आर-१२ च्या जुन्या ट्रकासाठी आर-१३४ए हाच योग्य पर्याय आहे. मात्र नुसता गॅस बदलून भागत नाही. मिस्त्रीकडून पुढील कामे याच क्रमाने करून घ्यावीत.

१) उरलेला जुना गॅस यंत्राने टाकीत काढून घ्यावा. हवेत सोडू नये.

२) जुने तेल काढावे. आर-१२ बरोबरचे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून अडकतो. एस्टर तेल भरावे. ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून डबा ऐनवेळी उघडावा.

३) ड्रायरची बाटली आणि रबरी कड्या आर-१३४ए ला चालणाऱ्या नव्या घालाव्यात. नळ्या तडकल्या असतील तर त्याही बदलाव्यात.

४) नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधावी. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

५) व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवावा. मग पंप बंद करून काटा पाहावा. काटा चढला तर गळती किंवा ओलावा आहे.

६) गॅस काट्यावर तोलून भरावा. आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के पुरतो. म्हणजे पूर्वी १ किलो लागत असेल तर ८०० ग्रॅमपासून सुरुवात करावी. जास्त भरल्याने गारवा वाढत नाही, उलट दाब चढतो.

७) गॅसचे व तेलाचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी. पुढचा मिस्त्री चुकणार नाही.

काम चालू असताना जवळ विडी ओढू नये. द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते. डोळ्यांना चष्मा हवाच.

एवढे करूनही भर दुपारी गाडी उभी असताना गारवा पूर्वीपेक्षा थोडा कमी वाटेल. पुढची जाळी धुऊन, पंखा नीट ठेवला तर तो बराच भरून निघतो.

आणि कॉम्प्रेसरच खडखडत असेल, तर हा खर्च करू नका. एसी बंद असला तरी ट्रक चालतो, माल पोहोचतो. काच खाली करून छोटा पंखा लावा आणि पैसे टायर-ब्रेकला घाला.

त्या बागाईतदाराला मी हेच सांगितले. त्याने सिलिंडर घरी चुलीपाशीच ठेवला. आपणही तसेच करावे.