शर्यत आणि जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'डेथ रॅली' असे सांगितले. त्यांना वाटले, एखादा मोर्चा असावा. चळवळीतल्या माणसाच्या तोंडी रॅली म्हटल्यावर दुसरे काय मनात येणार! पण ही रॅली संगणकाच्या पडद्यावरची आहे. 1996 साली फिनलंडमधील रेमेडी या नव्या मंडळीने घरगुती संगणकासाठी हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ तयार केला आणि अमेरिकेतील अपोजी या प्रकाशकाने तो बाजारात आणला.

आमच्या कचेरीतील एका तरुण कार्यकर्त्याने तो आम्हांस दाखविला. घारीने आकाशातून पाहावे तसा रस्ता खाली दिसतो. त्यावर चार गाड्या धावतात आणि प्रत्येकीच्या तोंडाशी बंदूक असते. पुढच्याला गाठायचे, नाही तर गोळ्या घालून त्याला शर्यतीतूनच उठवायचे. तरुण मंडळी एवढे पाहून खूष होतात. आम्ही मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण दोन शर्यतींच्या मध्ये जो हिशेब चालतो, तो आम्हांला फार ओळखीचा वाटला.

तो हिशेब असा. गाडी चालकाची स्वतःची. बक्षीस पहिल्याला मोठे आणि मागच्यांना उतरत्या भाजणीने. शर्यतीत पत्रा चेपला, गोळ्या लागल्या, तर दुरुस्ती चालकाच्या खिशातून. इंजिन सुधारायचे, टायर बदलायचे, चिलखत जाड करायचे, तेही त्याच खिशातून. ज्याच्यापाशी पैसा नाही, तो नादुरुस्त गाडी घेऊन पुन्हा उतरतो आणि अधिक मार खातो. अशा वेळी खेळात एक चोरबाजार आहे. तेथे रस्त्यावर पेरायचे सुरुंग मिळतात, गाडीला लावायचे खिळे मिळतात, पैसे टाकले तर दुसऱ्याच्या गाडीत आधीच घातपात करून मिळतो, आणि तेथेच सावकार बसलेला आहे! गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा गृहस्थ कोण ते सांगावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र तेथे विकत मिळत नाही. चारही चालकांनी एकत्र येऊन दुरुस्तीचा खर्च बक्षीस देणाऱ्याकडून मागावा, अशी काही सोय नाही. आणि बक्षीस देणारा कोण? आम्ही त्याला खेळभर शोधले. तो कोठे भेटला नाही. सर्वांच्या वर 'ॲडव्हर्सरी' नावाचा अजिंक्य चालक आहे, त्याच्याशी शेवटी झुंज होते. पण तोही चालकच.

अशा खेळांवर ओरड पुष्कळ झाली. 1976 साली अमेरिकेत 'डेथ रेस' नावाच्या नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावर झाली. 1997 साली ब्रिटनमध्ये 'कार्मागेडन' या खेळात पादचाऱ्यांना चिरडता येते, म्हणून तेथील चित्रपट-मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. तेव्हा माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची भुते घालून खेळ विकला गेला, आणि पुढे अपिलात मूळचा खेळ मोकळा झाला. लाल रक्ताचे हिरवे झाले की सदाचार राखला जातो, ही समजूत आम्हांला मोठी मौजेची वाटते. मुलाच्या हातात काय जाते याची काळजी आईबापांनी करावीच, तिला आम्ही हसत नाही. पण त्या सावकाराविरुद्ध कोणी अर्ज केल्याचे आमच्या वाचनात नाही.

हा खेळ करणारी मुले कोण होती, हेही ऐका. 'फ्यूचर क्रू' नावाच्या हौशी मंडळातून ती आली होती. संगणकाकडून चित्र आणि संगीत यांचे अचाट काम करवून घ्यायचे आणि ते मेळाव्यात सर्वांना दाखवायचे, हा त्यांचा छंद. त्यांच्या 'सेकंड रिॲलिटी' या कृतीने 1993 च्या 'असेंब्ली' मेळाव्यात पहिला क्रमांक पटकावला. रेमेडीचा पहिला संसार एका सोबत्याच्या घरच्या तळघरात थाटला गेला. या हौशी कलेची फिनलंडने 2020 साली आपल्या जिवंत वारशाच्या यादीत नोंद केली. आमची शाळा सातवीत सुटली, पुढचे सारे वाचनालयात. म्हणून एकमेकांपाशी शिकलेल्या या पोरांविषयी आम्हांला विशेष जिव्हाळा वाटतो. मिळून काम करणाऱ्यांनी एकट्यादुकट्याच्या झुंजीचा खेळ रचावा, ही गंमत आहे खरी. दोष आम्ही देत नाही. त्यांनी आजूबाजूला जे पाहिले, ते चोख मांडले.

त्या खेळात सहा गाड्या आहेत. पहिल्या सामान्य गाडीचे नाव 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या. सर्वांत महागडीचे 'डिलिव्हरेटर', म्हणजे पोचविणारा. हे नाव ऐकले आणि आम्हांला आपल्या रस्त्यांवरची, पाठीला चौकोनी पिशवी लावून घरोघर जेवण पोचविणारी मुले आठवली. दुचाकी त्यांची, हप्ता त्यांचा, पेट्रोल त्यांचे, पंक्चरही त्यांचेच. आणि कागदोपत्री ते कामगार नव्हेत, 'भागीदार'! सिग्नल तोडून धावतात म्हणून आपण त्यांच्यावर चिडतो. फेरीमागे पैसे ठरले, की थांबलेला प्रत्येक मिनिट खिशातून जातो, हे ध्यानात घेत नाही.

गेल्या दिवाळीपासून आम्ही अशा काही मुलांना एक वही ठेवायला लावली आहे. डाव्या पानावर मिळकत. उजव्या पानावर पेट्रोल, ऑइल, टायर, हप्ता, दंड. पहिल्या महिन्यात एकाने उजवे पान कोरेच आणले. तो म्हणाला, "काका, तो खर्च गाडीचा, माझा नाही." आम्ही त्याला शेजारी बसवून पेट्रोलच्या पावत्या मांडल्या. आता तो स्वतः इतरांच्या वह्या तपासतो, आणि एक तारखेला रात्रपाळी संपल्यावर सगळे वह्या घेऊन कचेरीत यायचे आहेत.