वर्ष वाया गेलं नाही

बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि कंपनीत कामाला लागावं लागलं, की ते वर्ष पूर्वी वायाच जायचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नेमका इथे हात घातला. वर्षभरानंतर शिक्षण सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि 2021 पासून क्रेडिटची, म्हणजे अभ्यासातून मिळणाऱ्या श्रेयांकांची बँक! जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. क्रेडिट 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरूनही मिळवता येतात; तिथे शिकणं फुकट. तिथल्या प्रमाणपत्रासाठी मात्र फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. आता सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आलेल्याने व्हिडिओ कधी बघायचा, याचं उत्तर धोरणात नाही. असो. क्रेडिटचं खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं. आपलं विद्यापीठ या बँकेला जोडलंय का, तेवढं आधी विचारून घ्या.