ठिणगीची परीक्षा

१९०८ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने मुंबई–कोल्हापूर मार्गावर मोटारगाड्यांच्या भरवशाची जी चाचणी भरविली, तिचे अंतर ६२० मैल होते आणि वाटेत सह्याद्रीचे सहा घाट होते. तीत यशस्वी ठरलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस गाडी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी खरेदी केली. लोक तिच्या डौलाची वाखाणणी करतात. मला मात्र तिच्या इंजिनातील ठिणगी पाडणाऱ्या बारा प्लगांविषयी बोलावयाचे आहे. सिलिंडर सहा, आणि प्रत्येकास प्लग दोन, एकास मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या छोट्या जनित्राची, वीज, दुसऱ्यास बॅटरी-कॉइलची. एक व्यवस्था बंद पडल्यास दुसरीने गाडी मुक्कामास न्यावी, अशी ती तजवीज होती. इतकी उंची गाडी घडविणाऱ्या कारखानदाराचाही एकेका प्लगावर विश्वास नव्हता, आणि तो नसणे मला सर्वस्वी रास्त वाटते.

बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च विद्युत्दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला तो १९०२ साली, म्हणजे त्या चाचणीच्या वेळी ठिणगीची ही विद्या बाल्यावस्थेतच होती. प्लगाच्या निरोधकाची चिनी माती उष्णतेने तडके. म्हणून काही कारखानदार अभ्रकाचे पातळ थर वापरू लागले, आणि उत्तम अभ्रकासाठी जगाची नजर आपल्या कोडरमा–हजारीबागेकडे असे.

प्लग काढून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवावा, इंजिन फिरवावे, आणि ठिणगी पडली की तो निर्दोष असल्याचा निर्वाळा द्यावा, ही वहिवाट जुनी असली तरी ती साक्ष अपुरी होय. कारण वायूचा दाब वाढला की तेवढीच फट ओलांडण्यास विजेला अधिक विद्युत्दाब लागतो, आणि मोकळ्या हवेत लखलखणारी तीच वीज, दट्ट्याने मिश्रण कोंडताच, टोकांमधील फट सोडून निरोधकावरील काजळीच्या किंवा डोळ्यांस न दिसणाऱ्या तड्याच्या आडवाटेने निसटते. यास्तव काचेची खिडकी असलेल्या कोठीत हवा दाबून तीत प्लग तपासण्याची यंत्रे निघाली. घाटात इंजिन पूर्ण भाराने ओढते, सिलिंडरात दाब सर्वाधिक असतो, आणि सपाटीवर लपलेला कसूर नेमका तेथे उघडा पडतो. सहा घाटांचे महत्त्व ते हेच.

आमच्या दापोडे गावात गोदामांपुढे रांगेने उभे राहणारे मोठे ट्रक डिझेलचे. त्यांत ठिणगीचा प्लग नसतोच, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. परंतु सीएनजीवरील लहान टेम्पोही येथे पुष्कळ, आणि तो वायू पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युत्दाब लागत असल्यामुळे झिजलेला प्लग त्यांत लवकर दगा देतो. गाडी रिकामी असता ठीक चालते, माल भरून पुलाच्या चढावर आली की मिसिंग करते, अशी तक्रार चालकाने केली, तर मिस्त्रीने उघड्यावरची ठिणगी पाहून तोच प्लग परत बसवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फिलर गेजने फट मोजावी. निरोधकाचा रंग पाहावा, फिकट तपकिरी असल्यास ठीक, काजळी असल्यास तिचे कारण शोधावे, पांढराफटक असल्यास प्लग फार तापतो आहे असे समजावे. आणि एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर एकेका सिलिंडरात नवा प्लग घालून भरलेली गाडीच त्या चढावर नेऊन पाहावी.