घर, पाणी आणि जयणा





३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ जीव गेले. पुढे आमडे येथे नवे माळीण वसले आणि २ एप्रिल २०१७ रोजी घरांचे लोकार्पण झाले. घरे पक्की होती. परंतु त्याच वर्षी जूनच्या पावसात रस्ते खचले, भराव वाहिले आणि सर्वस्व गमावलेल्या कुटुंबांच्या मनात पुन्हा भीती दाटली.

भिंत उभारण्याआधी उतार व पाण्याची वाट पाहावी, हाच याचा बोध होय. जैन धर्माने प्रत्येक कृतीत जयणा सांगितली आहे. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने घर बांधताना पाण्याला वाट ठेवणे, हीही जयणाच. जुन्नर, मंचर वा घोडेगाव येथे जुना वाडा पाडून इमारत उभारणाऱ्याने ओढ्याची हद्द व पावसाळी गटार प्रथम तपासावे.

दानही केवळ सभागृहांना नव्हे, तर संरक्षक भिंतीला आणि गटारालाही मिळावे. गटारावर दात्याच्या नावाची पाटी लागत नाही. पुण्य मात्र तसूभरही कमी होत नाही.

जय जिनेंद्र!