तिकीट नसलेलं नाटक

(पथनाट्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'खुला रंगमंच' या विषयावर मी बोलावं असं संयोजकांनी सांगितलं. ग्रीकांपासून सुरुवात करणारा इतिहास तुम्हांला कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी एकाच रंगमंचाबद्दल बोलणार आहे. तो न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हर पार्क या नदीकाठच्या बागेत होता आणि आता तो नाही. इतक्या लांबचा निवडला, कारण 'प्रवेश फुकट का?' हा आपल्याला नेहमी विचारला जाणारा प्रश्न त्याच्या कहाणीत थेट कोर्टापर्यंत गेला.

ही बाग ज्या वस्तीला लागून आहे ती लोअर ईस्ट साइड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं युरोपातून आलेले ज्यू, इटालियन अशी गरीब कुटुंबं दाटीवाटीनं राहत. आपल्या गिरणगावातल्या चाळी आठवा. घरातल्या मुली शिवणकामाच्या कारखान्यांत जात. 1909 मध्ये ब्लाउज शिवणाऱ्या हजारो मुलींनी संप केला. 1911 मध्ये ट्रँगल कारखान्याच्या आगीत 146 कामगार गेले, त्यात बहुतेक तरुण मुली. याच वस्तीत लिलियन वॉल्ड ही नर्स 1893 पासून घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करत होती. औषधाबरोबर मोकळी जागाही हवी हे तिला लवकर उमगलं, म्हणून तिनं आपल्या संस्थेच्या परसात मुलांसाठी क्रीडांगण केलं. तिच्याच संस्थेत काम करणाऱ्या अॅलिस आणि आयरीन लुइसन या बहिणींनी 1915 मध्ये वस्तीसाठी नाट्यगृह बांधलं. म्हणजे गरिबांना नाटक हवं असतं हे तिथं बायकांनी आधीच ओळखलं होतं. पुढच्या इतिहासात पुरुषांचीच नावं येतात, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

बाग 1939 मध्ये झाली आणि खुला रंगमंच 1941 मध्ये. अर्धवर्तुळात बाकं, समोर मंच. तो खरा गाजला 1956 च्या उन्हाळ्यात. जोसेफ पॅप नावाच्या पस्तिशीच्या माणसानं तिथं शेक्सपिअर करायला घेतला. पेट्या बनवणाऱ्या स्थलांतरिताचा हा मुलगा. शेक्सपिअर त्यानं वाचला तो सार्वजनिक वाचनालयात, फुकट. पुस्तक फुकट मिळू शकतं तर नाटक का नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आधी 'ज्युलियस सीझर' झालं, मग 'द टेमिंग ऑफ द श्रू'. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ज्याचं 'त्राटिका' केलं, तेच हे. नवऱ्यानं उपाशी ठेवून, झोपू न देऊन बायकोला वठणीवर आणण्याचा हा विनोद! नायिकेचं काम केलं कॉलीन ड्यूहर्स्टनं, आणि तिचं नाव तिथून पुढे आलं. नाटक मला आवडत नाही, आणि तरीही ते तिथं झालं याचं मोल मला कमी वाटत नाही. दिवसभराच्या कामानंतर पोरं काखेत घेऊन बाई येऊन बसू शकते, नाही पटलं तर उठून जाऊ शकते; पैसे वाया गेले म्हणून कुणी ओरडणार नाही. घरात एकाच तिकिटापुरते पैसे असले तर ते तिकीट कुणाच्या वाट्याला येतं, हे मी तुम्हांला सांगायला नको.

पॅपची मंडळी पुढच्या वर्षी फिरता रंगमंच घेऊन शहरभर हिंडली आणि सेंट्रल पार्कमध्ये स्थिरावली. तिथं 1959 मध्ये ठिणगी पडली. शहराच्या बागांचे आयुक्त रॉबर्ट मोझेस, मोठे जबरदस्त प्रस्थ. त्यांनी फर्मावलं: प्रेक्षकांकडून एक-दोन डॉलर घ्या, त्यातून आमच्या गवताची भरपाई द्या. लोक बसतात, हिरवळ खराब होते! पॅपनं साफ नकार दिला. त्याच्या जुन्या कम्युनिस्ट संबंधांचीही मग कुजबूज सुरू झाली. आदल्याच वर्षी संसदेच्या चौकशी समितीपुढं त्यानं सहकाऱ्यांची नावं सांगायला नकार दिला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि अपिलात निकाल लागला की ही अट मनमानी आहे. गंमत म्हणजे पुढं मोझेस यांनीच कायमच्या रंगमंचासाठी पैसे मिळवायला मदत केली. 1962 मध्ये सेंट्रल पार्कात डेलाकोर्ट थिएटर उघडलं. प्रवेश आजही फुकट.

हिरवळीचं हे कारण ऐकून मला हसू येतं, कारण आम्हांला ते तोंडपाठ आहे. एका नगरपालिकेच्या बागेत महिला दिनाचा कार्यक्रम करायचा होता, तर तिथल्या साहेबांनी अनामत रक्कम सांगितली आणि वर म्हणाले, "बायका शेंगा खातात, टरफलं टाकतात." शेंगा पुरुषही खातात, पण ते असो. 'मुलगी झाली हो' 1983 पासून गावोगाव झालं. त्याच्या प्रेक्षकांना तिकीट काढून आत या म्हटलं असतं, तर किती जणी आल्या असत्या?

आता मूळच्या, नदीकाठच्या रंगमंचाचं काय झालं ते. श्रीमंत सेंट्रल पार्कला देणगीदार मिळाले, इथं कुणी फिरकलं नाही. सत्तरच्या दशकात शहराच्या तिजोरीत खडखडाट होता, रंगमंच मोडकळीला येऊन बंद पडला. 2001 मध्ये एका दूरदर्शन कार्यक्रमाच्या निमित्तानं तो दुरुस्त झाला, पुन्हा गाणी-नाटकं होऊ लागली. मग 2012 मध्ये सँडी वादळात नदी वस्तीत शिरली. शहरानं ठरवलं की अख्खी बागच भर घालून आठ-दहा फूट उंच करायची. रहिवाशांत दोन तट पडले. झाडं आणि रंगमंच वाचवा म्हणणारे निदर्शनं करत होते. तर पलीकडच्या सरकारी वसाहतींत, ज्यांतल्या एकीला लिलियन वॉल्डचंच नाव आहे, अनेक भाडेकरू प्रतिनिधी म्हणत होते की आम्हांला पुरापासून संरक्षण हवं, आणि आत्ता हवं. यातल्या कुणालाही मी चुकीचं म्हणणार नाही. ज्या बाईच्या घरात पाणी शिरलं तिला झाडांवर भाषण ऐकवणं सोपं नाही. पण नवा आराखडा ठरताना वस्तीला किती विचारलं, हा राग मात्र दोन्हीकडे होता.

डिसेंबर 2021 मध्ये रंगमंच पाडला. नव्या आराखड्यात खुला रंगमंच आहे, पण जुन्यापेक्षा लहान. डेलाकोर्ट मात्र साडेआठ कोटी डॉलर खर्चून 2025 मध्ये नव्यानं उघडलं.

जेवणानंतर आपण गटांत बसू. प्रत्येकीनं आपल्या गावातल्या बागेची, मैदानाची माहिती सांगायची: परवानगी कोण देतं, भाडं किती, अनामत किती, दिवे आहेत का, आणि संडास आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका, तो पुरुषांच्या यादीत कधी नसतो.