बाटलीवर मात्रा कुठं आहे?



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरी गांजाच्या औषधी वापरावर बोलायला उभा राहिलोय, कारण गेल्या वर्षी आपाने ऑनलाइन मागवलेली एक बाटली माझ्यापुढं ठेवली. तिच्या मुलाला लहानपणापासून आकडी येते. बाटलीवर 'विजया' लिहिलं होतं. "बघ रे, यात नक्की आहे काय?" मी लेबल दोनदा वाचलं. अर्क किती ते होतं. त्यात सीबीडी किती आणि नशा आणणारं टीएचसी किती, याचा पत्ता नव्हता. आतल्या खोलीतून अब्बू म्हणाले, "गांजा हराम आहे, फेकून द्या." त्या मसल्यात मी पडत नाही, ते उलेमांना विचारा. पण मुलाला द्यायचं की नाही, हा आपाचा प्रश्न तसाच राहिला.

हाच प्रश्न १८३९ मध्ये कलकत्त्यात एकाने नीट विचारला होता. मेडिकल कॉलेजातला आयरिश डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसी. त्याने आधी इथल्या जाणकारांना गाठलं: संस्कृत पंडित, तेहरानचे एक हकीम, हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली. मग जनावरांवर प्रयोग केले आणि त्यानंतर संधिवात, धनुर्वात, कॉलऱ्याच्या रुग्णांना औषध दिलं. त्याच्या नोंदींत चाळीस दिवसांची एक मुलगी आहे. तिच्या आकड्या थांबत नव्हत्या. गांजाच्या टिंक्चरचे थेंब वाढवत नेले आणि ती बरी झाली. (याच गृहस्थाने पुढं हिंदुस्थानात तारयंत्र उभारलं, त्यामुळे तो मला जरा जवळचा वाटतो.)

मग हे औषध मागं का पडलं? एक मोठं कारण म्हणजे दर अर्काची ताकद वेगळी. आज लागू पडलेली मात्रा उद्या कमी किंवा जास्त. नशा आणणारा रेणू वेगळा करून ओळखायला १९६४ उजाडलं. आणि २०१७ मध्ये द्रावे सिंड्रोम या कठीण अपस्माराच्या १२० मुलं-तरुणांवरची चाचणी छापून आली. शुद्ध सीबीडी घेणाऱ्यांत महिन्याच्या आकड्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. पुढच्या वर्षी अमेरिकेने त्या औषधाला परवानगी दिली. चमत्कार नव्हे. झोप येते, जुलाब होतात, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. आपाच्या मुलाला व्हॅल्प्रोएटच चालू आहे. ते विकणाऱ्याने विचारलंही नव्हतं.

आता कायदा. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारच्या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि सरसकट बंदी नको, नियंत्रण ठेवा, असं सांगितलं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मात्र घट्ट बंधनं आणली. आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून भांग राज्यांच्या हाती राहिली आणि पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून विकता येतो. उलट, किलोभराच्या आतला गांजा सापडला तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायदा पान की फूल हे बघतो. आपाला हवे होते मिलिग्रॅम.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. घरी मात्र अजून चर्चा 'खुलं करा' आणि 'फेकून द्या' यांतच अडकली आहे. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये औषध म्हणून परवानगी मिळाली आणि २०१६ मध्ये मौजेसाठीही. विरोधक हेच बोट दाखवतात, आणि ती शंका मला खोटी वाटत नाही. म्हणूनच मौजेचा वाद आजारी मुलाच्या आडून लढू नये. औषधासाठी मागणी साधी आहे: चाचणी करा, रेणू मोजा, लेबलवर छापा, मेंदूविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर द्या. आणि खिशात पुडी सापडलेल्या पोराला तुरुंगात पाठवणं मला चूक वाटतं, पण तो वेगळा खटला आहे, वेगळाच मांडायला हवा.

आपाने बाटली डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "किती देऊ, हे मी यावरून कसं ठरवू?" आधीच्या गोळ्या बंद करू नका, एवढं मात्र त्यांनी तिला दोनदा बजावलं. बाटली अजून फ्रिजवर आहे, सील न उघडलेली.