लहान जागेंतील आगसूचक

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ पुस्तकबांधणीचा धंदा करतात. पुण्यांतील एका जुन्या पेठेंत त्यांचें दुकान आहे. खालीं कागदाच्या थप्प्या, पुठ्ठे, खळीचें भांडें. वर पोटमाळ्यावर रात्रीं दोन कामगार झोंपतात. उतरावयास शिडी एकच. त्यांनीं मोठ्या हौसेनें छताला धूरसूचक बसविला होता. मध्यंतरीं गेलों तों त्याची बॅटरी काढून गल्ल्यांत ठेवलेली! विचारलें तेव्हां म्हणाले, "सकाळीं गणपतीपुढें उदबत्ती लावली कीं हा कोकलूं लागतो. गिऱ्हाइकें हंसतात."

यांत त्यांच्यापेक्षां यंत्र बसविणाऱ्याचाच दोष अधिक. सूचक थेट देव्हाऱ्यावर टांगलेला होता, आणि रोज खोटी हांक देणाऱ्या यंत्राचें तोंड कोणीहि बंद करणारच.

धूरसूचक मुख्यत्वें दोन प्रकारचे. एकांत अमेरिशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्याच्यामुळें हवेंतून वाहणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह धुरानें मंदावला कीं भोंगा वाजतो. भडकलेल्या ज्वाळेचा बारीक धूर याला लवकर कळतो. दुसऱ्यांत प्रकाशाची तिरीप सोडलेली असते. धुराचे कण आंत शिरले कीं ती विखुरते व बाजूच्या ग्राहकावर पडते. कागदाचे गठ्ठे, कापूस, गादी हीं भडकण्यापूर्वीं पुष्कळ वेळ धुमसत राहतात, आणि तो दाट धूर या दुसऱ्या सूचकाला आधीं उमगतो. म्हणून पुस्तकांच्या वा कापडाच्या दुकानांत व शयनगृहांत तोच घ्यावा. स्वयंपाकघराची गोष्ट निराळी. फोडणीचा धूर तेथें रोज उठावयाचाच. तेथें सुमारें ५७ अंश सेंटिग्रेडला जागा होणारा उष्णतासूचक बरा. मात्र त्याला उशिरा जाग येते, तेव्हां झोंपण्याच्या खोलींत त्याच्यावर विसंबूं नये.

सूचक छताच्या मध्याजवळ असावा. भिंत व छत मिळतात त्या कोपऱ्यांत हवा कोंडलेली राहते व धूर उशिरा पोंचतो. पंख्याच्या झोतांत तो पांगून जातो. झोंपलेल्या माणसाला धुराच्या वासानें जाग येईल असें धरून चालूं नये. शिवाय धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. म्हणून खालचा सूचक वाजला कीं वरचाहि वाजेल, असे परस्परांशीं जोडलेले सूचक मिळतात, ते घ्यावे. दोनचार खोल्यांचें कार्यालय असेल तर कोणत्या भागांतून हांक आली हें दाखविणारा फलक, दाराशीं हातानें दाबावयाची कळ आणि वीज गेल्यावरहि चालणारी बॅटरी यांची योजना करावी. सूचकाचें आयुष्य साधारण १० वर्षें; निर्मितीची तारीख बहुधा पाठीमागें छापलेली असते, ती चढविण्यापूर्वींच पाहून ठेवावी.

आमच्या गृहस्थांनीं आतां प्रकाशावर चालणारे दोन सूचक घेतले आहेत. एक देव्हाऱ्यापासून दूर, शिडीच्या तोंडाशीं, दुसरा पोटमाळ्यावर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कामगार स्वतःच कळ दाबून आवाज ऐकतात. शिडी मात्र एकच आहे, आणि तिच्या पायथ्याशीं रचलेल्या थप्प्या हलविण्याचें त्यांनीं मला दोनदां कबूल केलें आहे.